‘इंडस्ट्रीत असंच असतं’ म्हणणाऱ्या कंपनीत काम करताना

टीव्ही मालिका बनवणाऱ्या कंपनीत गुरुवारची हवा वेगळी असते. त्या दिवशी बार्कचे, म्हणजे प्रेक्षकसंख्येचे, आठवड्याचे आकडे येतात, आणि मागच्या आठवड्यात ज्या ट्रॅकचं कौतुक झालं होतं तोच दुपारपर्यंत ‘प्रेक्षकांना झेपत नाही’ असा ठरतो. वाहिनीचा फोन निर्मात्याला, निर्मात्याचा क्रिएटिव्हला, क्रिएटिव्हचा लेखकाला. लेखक रात्री बसून सीन बदलतो. सकाळी सातच्या कॉलला सहायक दिग्दर्शकाच्या हातात नवी पानं पडतात आणि कपडेपटातल्या दादांना कळतं, की आज लग्न नाही, बारावं आहे.

हा धंद्याचा स्वभाव झाला. आठवड्याला सहा, कधी सात भाग, प्रत्येक भाग वीस-बावीस मिनिटांचा. हातात बँक असेल, म्हणजे पुढचे काही भाग तयार असतील, तर युनिट माणसासारखं जगतं. बँक संपली की आज शूट केलेलं उद्या रात्री दाखवायचं असतं. मग पॅक-अपची वेळ कागदावरच राहते. अशा कामाला होकार देणाऱ्यानं एवढा ताण गृहीत धरावा. तो टाळता येत नाही आणि त्याबद्दल कुणाला दोष देऊनही उपयोग नाही.

पण याच धावपळीच्या आडोशाला बऱ्याच कंपन्यांत आणखी काही गोष्टी मुक्काम करतात. महिनोन्महिने न निघणारे चेक, मॉनिटरवरून सगळ्या युनिटदेखत दिलेल्या शिव्या, स्पॉटदादांना एक जेवण आणि ‘वरच्यांना’ दुसरं, मुलींना रात्री उशिरा आलेले कामाबाहेरचे मेसेज. विचारलं तर उत्तर तेच मिळतं: इंडस्ट्रीत असंच असतं. या एका वाक्यात धंद्याची अडचण आणि कंपनीची खोड अशा बेमालूम मिसळलेल्या असतात, की नवा माणूस दोन्ही निमूट सोसतो किंवा वैतागून दोन्ही सोडून जातो. या दोन गोष्टी वेगळ्या काढता आल्या पाहिजेत. हा लेख त्यासाठी आहे, आणि तो सहायक दिग्दर्शक, संवादलेखक, संकलक, कला आणि वेशभूषा विभागातली मुलं-मुली, प्रॉडक्शनचे लोक यांच्यासाठी आहे. ज्यांच्याकडे मॅनेजर आणि वकील आहेत त्यांना याची गरज नाही.

ओळखायचं कसं? अडचणीला कारण असतं आणि शेवटही असतो. ‘शनिवारी महाएपिसोड आहे, तोपर्यंत डबल युनिट चालेल’ असं कुणी सांगितलं तर ती अडचण. शनिवार उलटून महिना झाला आणि डबल युनिट तसंच चालू असेल तर ती खोड. अडचण सगळ्यांवर पडते: निर्मात्याचा ईपी (कार्यकारी निर्माता) सुद्धा त्या रात्री सेटवर जागा असतो. खोड मात्र नेमकी खालच्यांवरच पडते. आणि अडचणीबद्दल प्रश्न विचारला तर उत्तर मिळतं, खोडीबद्दल विचारला तर तुमच्या निष्ठेवर शंका येते. ‘आपण सगळे एक फॅमिली आहोत ना?’ हे वाक्य ज्या ऑफिसात वरचेवर ऐकू येतं, तिथं मी आधी अकाउंट्स विभागाकडे बघतो. घरात कुणी बिल मागत नाही, एवढाच त्या फॅमिलीचा अर्थ बहुतेकदा निघतो.

होकार देण्याआधी

कंपनीबद्दल चौकशी करताना लोक ओळखीच्या नटाला नाहीतर दिग्दर्शकाला विचारतात. त्यांना खरं माहीत असेलच असं नाही, कारण त्यांच्याशी कंपनी वेगळी वागते. विचारायचं ते लाइटदादांना, मेकअपच्या मदतनीसाला, गाडीच्या ड्रायव्हरला आणि मागच्या मालिकेतून बाहेर पडलेल्या दुसऱ्या-तिसऱ्या सहायकाला. ‘कंपनी कशी आहे?’ असा प्रश्न टाकू नका. त्यावर ‘चांगली आहे’ हेच ऐकायला मिळतं. नेमकं विचारा. मागच्या मालिकेचा शेवटचा चेक कधी आला? रात्रीच्या पॅक-अपनंतर ड्रॉप मिळतो की कन्व्हेयन्सचे पैसे हातावर टेकवतात? गेल्या वर्षात किती ईपी बदलले? मालिका चालू असताना ईपी वारंवार बदलत असतील, तर त्या खुर्चीच्या वर कुणीतरी बसलेलं आहे ज्याच्यासोबत माणसं टिकत नाहीत.

मग कागद. मालिकेवर वाहिनीचा लोगो असतो, म्हणून आपण वाहिनीसाठी काम करतो असं नव्यांना वाटतं. पैसे देणारी निर्मिती संस्था असते, आणि पुष्कळदा तिनं काम पुढे लाइन प्रोड्युसरला दिलेलं असतं. तुमच्या करारावर, आणि करार नसेल तर बिलावर, नाव नेमकं कोणाचं पडणार आहे हे पहिल्याच दिवशी विचारा. उद्या चेक अडला तर नोटीस त्या नावाला जाणार आहे. ‘आपल्याकडे बोलण्यावर चालतं’ असं उत्तर आलं तर वाद घालू नका. संध्याकाळी एक साधा ईमेल टाका: आज भेटलो, ठरलेलं काम असं, मानधन इतकं, महिन्याचे दिवस इतके, पैसे या तारखेपर्यंत, काही चुकलं असेल तर कळवावं. कुणी उलट उत्तर दिलं नाही तरी तो कागद तयार झाला.

करार मिळालाच तर मानधनाच्या आकड्याच्या आधी पैसे मिळण्याची मुदत वाचा. या क्षेत्रात नव्वद दिवसांची उधारी रुळलेली आहे. कलाकारांच्या आणि कामगारांच्या संघटना तिच्याविरुद्ध कितीतरी वर्षं बोलत आल्या आहेत. पण नव्वद दिवस कशापासून मोजायचे, हे कुणी विचारत नाही. शूटपासून? बिलापासून? की प्रसारणापासून? एक हिशोब करून बघा. १ जूनला रुजू झालात, महिनाअखेरीस ३० जूनला बिल दिलं, तिथून नव्वद दिवस म्हणजे २८ सप्टेंबर. पहिल्या दिवसाच्या कामाचा पैसा चार महिन्यांनी. करारात ‘प्रसारणानंतर’ असा शब्द असेल आणि मालिका सुरू व्हायला दोन महिने उशीर झाला, तर तो पैसा दिवाळीही चुकवू शकतो. त्यामुळे कोल्हापूर, सातारा किंवा नाशिकहून गोरेगाव-मालाडला येऊन खोली घेणाऱ्यानं भाड्याच्या डिपॉझिटव्यतिरिक्त निदान पाच महिन्यांच्या खर्चाची तजवीज करूनच यावं. हे सांगायला वाईट वाटतं, कारण याचा अर्थ उघड आहे: घरची परिस्थिती बरी असलेल्यांनाच इथं पहिलं वर्ष काढता येतं. पण तजवीज नसलेला माणूस सप्टेंबरात कशालाही हो म्हणतो, हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

करारातलं आणखी एक कलम बघून ठेवा. ‘हा प्रकल्प सोडल्यावर वर्षभर दुसऱ्या वाहिनीसाठी काम करता येणार नाही’ असं काही लिहिलेलं असेल तर घाबरू नका. काम चालू असताना एकाच ठिकाणी बांधून घेणं ठीक, पण सोडल्यानंतर माणसाला त्याच्या व्यवसायापासून रोखणारी अट भारतीय करार कायद्याच्या कलम २७ नुसार निरर्थक ठरते. लेखकांनी हेही लक्षात ठेवावं, की २०१२ च्या दुरुस्तीनंतर कॉपीराइट कायद्यानं लेखकाचा रॉयल्टीचा हक्क राखून ठेवला आहे. करारात ‘सर्व हक्क कायमचे दिले’ असं कितीही ठळक छापलं तरी तो असा सोडून देता येत नाही. संहिता किंवा कथाबीज बाहेर दाखवण्याआधी स्क्रीनरायटर्स असोसिएशनकडे नोंदवा. सभासद झाल्यावर तिच्या वाद-निवारण समितीकडे जाण्याचा रस्ताही खुला होतो.

लेखी करार हा आता फक्त शहाणपणाचा मुद्दा राहिलेला नाही. १९८१ चा सिने कामगारांचा कायदा चित्रपटापुरताच होता, मालिकावाले त्यात बसत नव्हते. व्यावसायिक सुरक्षा, आरोग्य आणि कार्यस्थिती संहिता, २०२० हिच्यात ‘दृकश्राव्य कामगार’ अशी नवी व्याख्या आली. तिच्यात टीव्ही, वेब मालिका, रिअॅलिटी शो, जाहिरात, अॅनिमेशन सगळं येतं, आणि अशा कामगाराला लेखी कराराशिवाय कामावर घेता येत नाही अशी तरतूद आहे. नोव्हेंबर २०२५ मध्ये केंद्रानं ही संहिता लागू केली. सेटवर हे पोचायला वेळ लागेल. तरी ‘बोलण्यावर चालतं’ म्हणणाऱ्याला सांगण्यासारखं काहीतरी आता तुमच्या हाती आहे.

वही

काम सुरू झालं की रोज रात्री दोन ओळी लिहा. कॉल टाइम, प्रत्यक्ष पॅक-अप, त्या दिवशी बदललेलं काही, कुणी काय सांगितलं. तक्रार करायचीच आहे म्हणून नव्हे. सहा महिन्यांनी ‘तू तर तेव्हा सुट्टीवर होतास’ असं कुणी म्हणालं तर आठवणीवर भांडता येत नाही. प्रॉडक्शनकडे डेली प्रोग्रेस रिपोर्ट असतो. त्यात पहिला शॉट आणि पॅक-अपची वेळ नोंदलेली असते. तो तयार करणं तुमच्याच कामाचा भाग असेल तर वेळा खऱ्या लिहा. पंधरा तासांच्या दिवसाचे बारा तास लिहायला सांगणारा माणूस, अपघात झाला की तोच कागद पुढे करतो.

तोंडी सूचना आली की मेसेजवर परत पाठवा: ‘सर, सीन १४ मधला आजीचा प्रवेश काढायचा ठरलं, त्याप्रमाणे करतो.’ नम्र आणि छोटं. हा मेसेज तुम्हाला दोनदा वाचवतो. एकदा चुकीपासून, आणि एकदा वाहिनीच्या मीटिंगमध्ये चूक तुमच्या नावावर ढकलली जाते तेव्हा. कंपनीच्या ईमेलवर मात्र विसंबू नका. तुम्हाला काढल्याचं तुम्हाला कळायच्या आधी कधीकधी तो बंद होतो. करार, बिलं, मानधनाबद्दलचा पत्रव्यवहार स्वतःच्या पत्त्यावर ठेवा. पुढचे भाग, कथेचे आराखडे, कलाकारांचे नंबर यांतलं काहीही बाहेर नेऊ नका. तेवढ्या कारणावरून तुमची बरोबर असलेली बाजूही लंगडी पडते.

आरडाओरडा

आरडाओरडीचेही प्रकार असतात आणि सगळ्यांना एकच उत्तर नसतं. सूर्य बुडतोय, जनरेटर बंद पडलाय, ज्येष्ठ कलाकाराला सातला सोडायचंय आणि दिग्दर्शक ओरडला ‘अरे प्रॉपर्टी कुठाय!’ तर ते समईबद्दलचं ओरडणं आहे, तुमच्याबद्दलचं नाही. समई आणा आणि विसरा. असा दिग्दर्शक पॅक-अपला खांद्यावर हात ठेवून चहा पाजतो. त्याच्याकडे शिकायलाही मिळतं.

दुसरा प्रकार माणसावर जातो: आईबापावरून, गावावरून, बोलीवरून, जातीवरून, दिसण्यावरून. नागपूरहून आलेल्या मुलाची भाषा ऐकून हसायचं आणि मग त्याच्याकडूनच वऱ्हाडी संवाद फुकट तपासून घ्यायचे, असलाही विनोद चालतो. याला तिथल्या तिथं, सगळ्यांसमोर उत्तर देऊ नये असं माझं मत आहे. सेटवर साठ-सत्तर माणसं बघत असतात, समोरचा माघार घेऊच शकत नाही, आणि तुमच्या एका वाक्याचं ‘सेटवर राडा झाला’ होऊन दुपारपर्यंत मढ ते नायगाव सगळीकडे पोचतं. पॅक-अपनंतर किंवा दुसऱ्या दिवशी कॉलच्या आधी एकट्याला गाठा आणि थोडक्यात सांगा: ‘सर, काम चुकलं तर जरूर बोला. पण काल जे आईवरून बोललात ते चालणार नाही.’ मध्ये ‘मला वाटतं’, ‘गैरसमज नको’ असलं काही घालू नका. पुष्कळ लोक इथं थांबतात. आपण काय बोलतो हे त्यांना आजवर कुणी सांगितलेलंच नसतं.

न थांबणाऱ्यांसाठी एकट्यानं जायचं नाही. तिघं जा. शक्यतो वेगवेगळ्या विभागांचे जा, म्हणजे ‘डिरेक्शन टीमचं काहीतरी चाललंय’ असं म्हणून ते बाजूला सारता येत नाही. युनिटमध्ये एक-दोन माणसं अशी असतात ज्यांच्याशिवाय उद्याचं शूट होत नाही: छायाचित्रकार किंवा मध्यवर्ती भूमिकेतला ज्येष्ठ कलाकार. त्यांच्या कानावर घाला. या जागेवरच्या एखाद्या ताईंनी ‘स्पॉटदादांना शिव्या घातल्या तर मी मेकअप रूममधून बाहेर येणार नाही’ एवढं सांगितलं, की वर्षभर न सुटलेला प्रश्न दुपारच्या जेवणाआधी सुटतो. ही ताकद असलेली बरीच मंडळी ती वापरत नाहीत, आणि माझा या क्षेत्रावरचा सगळ्यात मोठा राग त्याच्यावर आहे.

तिसरा प्रकार आवाज न करता चालतो आणि मला तोच जास्त वाईट वाटतो. ग्रुपमधून काढणं, नरेशनला न बोलावणं, तुमचे सीन दुसऱ्याकडून लिहून घेणं, तुम्हाला मुद्दाम चुकीचा कॉल टाइम पोचवणं. ओरडणाऱ्याचा साक्षीदार तरी असतो, इथं तोही नसतो. इथं वही कामाला येते. चार-पाच प्रसंग तारखांसह जमले, की ते तुमच्या वरच्याला न दाखवता थेट निर्मात्याच्या किंवा कंपनीच्या मनुष्यबळ विभागाच्या ईमेलवर टाका, आणि मागणी एकच ठेवा: माझं काम काय आहे ते लेखी कळवावं. या मागणीला नकार देणं कठीण असतं. उत्तर आलंच नाही, तर तुमचा निर्णय झाला असं समजून दुसरीकडे शोधायला लागा.

आणि हे सगळं चालू असताना तुमच्या हाताखालच्या इंटर्नवर कोण ओरडतंय, तेही बघा.

छळ झाला तर

लैंगिक छळाच्या बाबतीत ‘एकट्यात सांगून बघा’ हा सल्ला लागू नाही. २०१३ च्या कायद्यात कर्मचारी या शब्दाची व्याप्ती मोठी आहे: रोजंदारीवरची, कंत्राटी, शिकाऊ, पगार न घेणारी अशी कुणीही स्त्री त्यात येते. शूटिंगचं ठिकाण, आउटडोअरचं हॉटेल, कंपनीनं दिलेली गाडी हे सगळं कामाचं ठिकाण धरलं जातं. दहा किंवा अधिक माणसं असलेल्या प्रत्येक ठिकाणी अंतर्गत समिती हवी. तिची अध्यक्ष स्त्री, किमान निम्म्या सदस्य स्त्रिया, आणि एक सदस्य कंपनीबाहेरचा. समितीची नावं ऑफिसात लावलेली असायला हवीत. ती पहिल्याच आठवड्यात शोधा. सेट तात्पुरता असतो म्हणून समिती लागत नाही, असं कुणी म्हणालं तर केरळ उच्च न्यायालयाचा मार्च २०२२ चा निकाल दाखवा. चित्रपटाच्या निर्मिती युनिटलाही अशी समिती बंधनकारक असल्याचं त्यानं सांगितलं.

तक्रार लेखी आणि शेवटच्या घटनेपासून तीन महिन्यांच्या आत करायची. कारण सबळ असेल तर समिती आणखी तीन महिने देऊ शकते. चौकशी नव्वद दिवसांत संपवायची असते. चौकशी चालू असताना बदली किंवा तीन महिन्यांपर्यंत रजा मागता येते. तडजोड फक्त तक्रारदाराच्याच विनंतीवरून होऊ शकते आणि तीही पैशांच्या बदल्यात नाही. त्यामुळे कुणी पाकीट पुढे केलं तर तेही वहीत लिहा. आरोप सिद्ध झाला नाही एवढ्यावरून तो खोटा ठरत नाही आणि तक्रारदारावर कारवाई होत नाही, हे कायद्यातच स्पष्ट आहे.

तक्रार मालकाविरुद्धच असेल किंवा माणसं दहापेक्षा कमी असतील, तर जिल्ह्याच्या स्थानिक समितीकडे जायचं. इथं एक बारीक गोष्ट उपयोगी पडते. गोरेगावची चित्रनगरी मुंबई उपनगर जिल्ह्यात येते, मीरा रोड आणि घोडबंदरचे सेट ठाणे जिल्ह्यात, नायगावचे पालघर जिल्ह्यात. ऑफिस अंधेरीत आणि घटना नायगावात असेल तर कुठली समिती, हे आधी विचारून घ्या, म्हणजे कागद या कार्यालयातून त्या कार्यालयात फिरत बसत नाहीत. केंद्र सरकारच्या शी-बॉक्स पोर्टलवरूनही तक्रार देता येते. पोलिसांत जाण्याचा मार्ग यातल्या कशानंही बंद होत नाही.

मल्याळम चित्रपटसृष्टीतल्या परिस्थितीचा अभ्यास करायला २०१७ मध्ये नेमलेल्या न्या. हेमा समितीचा अहवाल २०१९ अखेर सरकारला मिळाला आणि लोकांपुढे ऑगस्ट २०२४ मध्ये आला. त्यातल्या धक्कादायक गोष्टींची चर्चा झाली तेवढी एका साध्या गोष्टीची झाली नाही: सेटवर स्त्रियांसाठी शौचालय आणि कपडे बदलायची जागा नसणं. आपल्याकडच्या आउटडोअरलाही हे लागू आहे. वाई-भोरच्या शेतात दिवसभर शूट असेल तर रेकीच्याच दिवशी हा प्रश्न विचारा. रेकीला मुलींना न नेण्याची पद्धत आहे, म्हणून मुलांनी विचारा.

अडकलेले पैसे

मालिकेत काम करणाऱ्या बहुतेकांना पगारदार म्हणून घेत नाहीत. ‘प्रोफेशनल’ म्हणून बिल घेतात आणि दहा टक्के टीडीएस कापतात. तुम्ही रोज हजेरी लावता, सुट्टी मागून घेता, पण कागदावर तुम्ही स्वतंत्र व्यावसायिक असता. असंच असेल तर त्या कागदाचा तुमच्या बाजूनं उपयोग करा. स्वतंत्रपणे बिल देणाऱ्या लेखकानं, संकलकानं, ग्राफिक्स करणाऱ्यानं उद्यम पोर्टलवर सूक्ष्म उद्योग म्हणून नोंदणी करावी. ती मोफत आहे. २००६ च्या कायद्यानुसार अशा सूक्ष्म किंवा लघु पुरवठादाराचे पैसे लेखी करारात ठरलेल्या मुदतीत, आणि कोणत्याही परिस्थितीत ४५ दिवसांच्या आत द्यावे लागतात. करार नसेल तर १५ दिवसांत. पुढे रिझर्व्ह बँकेच्या दराच्या तिप्पट, महिन्याच्या चक्रवाढीनं व्याज लागतं. तक्रार ऑनलाइन सुविधा परिषदेकडे जाते. नोंदणी काम सुरू करण्याआधी करा. मागाहून केलेली नोंदणी जुन्या बिलांना लावताना वाद होतो.

२०२३-२४ या आर्थिक वर्षापासून त्यात एक वेगळीच कळ बसली आहे. सूक्ष्म-लघु पुरवठादाराचे पैसे या मुदतीत दिले नाहीत, तर कंपनीला तो खर्च त्या वर्षाच्या प्राप्तिकरात वजा करता येत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळतो. म्हणून बिलावर उद्यम क्रमांक ठळक छापा आणि मार्चच्या सुरुवातीला कंपनीच्या अकाउंटंटला एक सभ्य आठवण पाठवा. निर्मात्याला तुम्ही केलेल्या फोनपेक्षा त्याच्या सीएचा फोन जास्त परिणामकारक ठरतो.

दर तीन महिन्यांनी आयकर पोर्टलवर तुमच्या नावावर टीडीएस जमा दिसतो का ते बघा. कापला पण भरला नाही, असं दिसलं तर कंपनी आतून पोकळ झाली आहे याची ती बऱ्यापैकी विश्वासार्ह खूण असते, आणि मग वाट बघण्यात अर्थ नसतो. वर्षाची उलाढाल वीस लाखांच्या वर गेली की जीएसटी येतो, आणि तो तुम्हाला सरकारकडे वेळेवर भरावाच लागतो, चेक नव्वद दिवसांनी येवो की न येवो. त्यासाठी सीएशी आधीच बोलून ठेवा.

मुदत उलटली की क्रम असा ठेवा: आधी अकाउंट्सला ईमेल, आठवड्यानं निर्मात्याला, मग तुमच्या विभागाच्या असोसिएशनकडे लेखी तक्रार. एफडब्ल्यूआयसीई या महासंघाखालच्या संघटना आणि कलाकारांची सिंटा या थकबाकीत मध्यस्थी करतात. पण कार्ड आधी काढलेलं हवं, भांडण झाल्यावर काढायला गेलात तर उशीर झालेला असतो. नोव्हेंबर २००८ मध्ये मालिकांचं काम बंद पडून वाहिन्यांना जुने भाग दाखवावे लागले होते, ते एकेकट्या माणसाच्या फोननं झालं नव्हतं. असोसिएशनकडून काही झालं नाही तर वकिलाची नोटीस. पैशांच्या दाव्याला साधारण तीन वर्षांची मुदत असते. ‘पुढच्या मालिकेत अॅडजस्ट करू’ हे ऐकत ती निघून जाते. समाजमाध्यमावर पोस्ट टाकायची असेल तर या सगळ्यानंतर, आणि तीत फक्त बिलाच्या तारखा आणि आकडे लिहा.

थोडं शरीराबद्दल

रात्री दोनला पॅक-अप झाल्यावर दुचाकीनं घोडबंदरहून डोंबिवलीला जाऊ नका. ड्रॉप मागा. नाहीच मिळाला तर मेकअप रूममध्ये झोपा आणि सकाळी निघा. पावसाळ्यात ओल्या जमिनीवरच्या केबल आणि उघडे जोड दिसले की लाइटदादांना सांगा, ते बहुधा त्यांनाही दिसलेले असतात आणि कुणीतरी ‘नंतर बघू’ म्हटलेलं असतं. बालकलाकारांचे आईबाबा सेटवर असतील तर त्यांना हे माहीत हवं: मुलाला दिवसाला पाच तासांपेक्षा जास्त, आणि विश्रांतीशिवाय सलग तीन तासांपेक्षा जास्त काम देता येत नाही, आणि त्याच्या कमाईचा किमान पाचवा हिस्सा त्याच्या नावानं मुदत ठेवीत टाकावा लागतो. ‘एकच सीन राहिलाय’ म्हणून रात्री अकराला मुलाला उठवणाऱ्या ईपीला हे शांतपणे सांगता येतं.

सोडताना

‘तुला पुन्हा काम मिळणार नाही’ ही धमकी जवळजवळ प्रत्येकाला एकदा ऐकायला मिळते. मराठी मालिकांचं जग छोटं आहे, त्यामुळे ती पूर्ण खोटी नाही. पण ते छोटं आहे म्हणूनच ओरडणाऱ्याची आणि पैसे बुडवणाऱ्याची ख्यातीही सगळ्यांना माहीत असते. समोरच्या कंपनीत तुम्ही का सोडलं हे फारसं कुणी विचारत नाही, ‘किती राहिले तिकडे?’ एवढंच विचारतात. संघटितपणे कुणाचं काम बंद करणं तर कायद्यालाही मान्य नाही: मल्याळम दिग्दर्शक विनयन यांच्यावर टाकलेल्या बहिष्काराबद्दल स्पर्धा आयोगानं २०१७ मध्ये तिथल्या कलाकार आणि तंत्रज्ञांच्या संघटनांना दंड केला होता.

सोडायचं कधी, याचा माझा ठोकताळा असा. ताणाला कारण आहे पण शेवट दिसत नाही, तर एकदा विचारा. पैसे दुसऱ्यांदा चुकले, तर शोधायला लागा. माणसावर जाणारी भाषा सांगूनही थांबली नाही, किंवा तुम्हाला खोटं लिहायला सांगितलं, तर मालिका कितीही पहिल्या नंबरवर असो, निघा.

निघताना महाएपिसोडच्या आठवड्यात निघू नका. करारातली नोटीस पूर्ण द्या, आणि करार नसेल तर निदान पंधरा दिवस. कंटिन्युइटीच्या नोंदी, प्रॉपर्टीची यादी, अर्धवट राहिलेले सीन हे सगळं ईमेलवर सोपवा आणि मिळाल्याचं उत्तर घ्या. श्रेयनामावलीत तुमचं नाव कुठल्या भागापर्यंत राहील ते लेखी ठरवून घ्या, विशेषतः लेखकांनी, कारण तुमच्या पानांवर नवं नाव चढायला एक रात्र पुरते. शेवटचं बिल शेवटच्या दिवशीच द्या, महिनाअखेरीची वाट बघू नका, आणि प्रतीवर तारखेचा शिक्का मारून घ्या. निरोपाच्या मेसेजमध्ये कुणाला टोमणा नको. सगळ्यांचे नंबर पुसून टाकावेसे वाटतील, तरी अकाउंटंटचा राहू द्या. त्याच्याशी अजून किमान नव्वद दिवस बोलावं लागणार आहे.